साडूंच्या फुग्यांतली हवा

हवेवर जगणारी माणसं गावोगाव सापडतात. पण केवळ हवेसाठी जगणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझं लग्न झालं तेव्हा हे थोरले साडू अगदी निरुपद्रवी होते. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून कामाला जायचे, सोनईला घरची चार एकर शेती बघायचे, आणि सासुरवाडीला आले की कोपऱ्यातली खुर्ची धरून मुकाट बसायचे. असा साडू मिळायला भाग्य लागतं, असं मी चारचौघांत म्हणतही असे. पुढे ते निवृत्त झाले. निवृत्त माणसं देवाला लागतात, राजकारणाला लागतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागतात. आमचे साडू फुग्यांना लागले.

फुगे म्हणजे जत्रेतले नव्हेत. निवृत्तीनंतर साडूंनी एक पिकअप घेतली आणि जनावरं नेण्यासाठी तिच्यामागे जोडायला एक ट्रेलर स्वतःच्या हातांनी तयार केला. लोक गाई-म्हशी सरळ पिकअपच्या हौद्यात चढवतात. पण तो हौदा उंच असतो, चढताना जनावर बिचकतं. म्हणून साडूंनी ट्रेलर जमिनीलगत ठेवला. गाय घरात शिरावी तशी आत जायची. आता भरलेला ट्रेलर मागे जोडला, की त्याचा भार गाडीच्या शेपटावर येतो. चाकांवरचे लोखंडी पाटे दबतात, गाडी मागून बसते, पुढून उठते, आणि तिचे दिवे रस्ता सोडून नक्षत्रं दाखवू लागतात. त्यावर उपाय म्हणजे पाटे आणि गाडीचा सांगाडा, म्हणजे चॅसी, यांच्या मधे दोन्ही बाजूंना जाड रबराचा एकेक फुगा बसवायचा. भार असेल तितकी हवा भरायची, भार उतरला की कमी करायची. झालं, संपली गोष्ट. मला सांगायला एक मिनिट लागलं. साडूंना हीच गोष्ट सांगायला पाऊण तास लागायचा, आणि ऐकणाऱ्याला धोतर, पँट, पातळ जे काही असेल ते सावरून गाडीखाली वाकावं लागायचं.

हे ज्ञान त्यांना झालं ते मोबाईलवर. कुणीतरी परदेशी माणूस आपल्या भल्यामोठ्या गाडीला फुगे बसवतोय असा एक व्हिडिओ त्यांच्या हाती लागला. तो माणूस काय बोलतोय त्यातलं साडूंना ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यानं हातात काय धरलंय ते बरोबर कळत होतं. साडूंनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला, की माझी मेहुणी, म्हणजे आमची अक्का, चूल पुसता पुसता त्या गोऱ्याच्या सुरात "ओक्के गाईज" म्हणायला लागली. "ह्यो मानूस आपल्या घरात राहतो तरी जेवायला कसा थांबत न्हाई?" असं तिनं मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं.

फुगे बसले त्या दिवसापासून साडूंची सकाळ चहानं सुरू होईनाशी झाली. उठले की आधी गाडीपाशी. खिशाला पेन लावावं तसं हवा मोजायचं गेज शर्टाच्या खिशाला कायम लावलेलं. डाव्या फुग्याची हवा, उजव्या फुग्याची हवा. मग टेप काढून जमिनीपासून मडगार्डपर्यंतची उंची, डावीकडून आणि उजवीकडून. बोटभर फरक निघाला तर त्या दिवशी घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही. ही मापं ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचे, कारण पेन्सिल तिथे बांधलेली होती. अक्काला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी रोजचा दाब लिहून आणायला सांगितलं. तिनंही तो त्याच कॅलेंडरवर लिहिला, आणि महिन्याचं पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. "डावा पस्तीस, उजवा पस्तीस? बाई, तुम्ही इथवर चालत आलात?" अक्का घरी येऊन दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. साडूंना त्यातलं एवढंच लागलं, की डॉक्टर शिकलेला असून त्याला दोन्ही आकडे सारखे आहेत याचं कौतुक वाटलं नाही.

त्यांच्या गाडीत बसणं हा एक संस्कार होता. इतरांच्या गाडीत आपण बसतो तेव्हा ते विचारतात, कुठं सोडू? साडू विचारायचे, वजन किती? बरं, उत्तर मोघम चालायचं नाही. आमच्या सासूबाईंना एकदा जवळच देवगडला दत्ताच्या दर्शनाला न्यायचं होतं. मागे ट्रेलरमध्ये कडब्याच्या पेंढ्या भरलेल्या, त्या वाटेत कुणाला तरी द्यायच्या होत्या. सासूबाई नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन गाडीपाशी आल्या, तर जावई अदबीनं पुढे झाले. "आत्याबाई, वजन किती आसंल तुमचं?" सासूबाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "का रं बाबा? देवाला न्हेतोयस का घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला?" त्यावर एखाद्यानं जीभ चावली असती. साडूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, "साठ धरू," असं स्वतःशीच म्हणाले, आणि फुग्यांत दोन पौंड हवा जास्त मारली. परतीच्या वाटेवर प्रसाद खाल्ल्यावर ते पुन्हा उतरून मोजतील की काय, या भीतीनं सासूबाई उपाशी राहिल्या.

फुगा गळतोय की नाही हे बघायला साबणाचं पाणी लावतात. गळत असेल तिथे बुडबुडा येतो. यासाठी साडूंनी स्वतःचा दाढीचा ब्रश नेमून दिला होता. बाकीच्या जगाला एक ब्रश दाढीला आणि दुसरा कामाला ठेवता येतो. साडूंचं म्हणणं, साबण तो साबणच. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे दारात येऊन उभे, आणि हे अंगणात अर्ध्या गालाला फेस लावून आडवे पडलेले, उरलेला फेस फुग्याच्या नळीला. नटूनथटून आलेल्या व्याह्यांना आधी दिसले ते मुलीच्या बापाचे पाय, तेही गाडीखालून. "या, या, बसा! येकच बुडबुडा ऱ्हायलाय!" असं स्वागत आतून झालं. व्याही समजूतदार निघाले. मुलाला मुलगी पसंत होती, मुलीचा बाप थोडा हलका असला तरी चालण्यासारखं होतं.

उपदेश तर विचारू नका. चिखलातून आलात तर फुगे धुवा, खडा अडकला तर रबर कापतो. नळी सायलेन्सरपासून हातभर लांब ठेवा. ट्रेलर सोडला तरी फुगे अगदी रिकामे करू नका, पाच पौंड तरी राहू द्या, नाहीतर घडी पडून फाटतात. दोन्ही बाजूंना वेगळी नळी घ्या, नाहीतर वळणावर एका फुग्याची हवा दुसऱ्यात पळते आणि गाडी कलंडते. मोठ्या बसगाड्यांना मुळातच असे फुगे असतात, त्यांच्याकडून शिका. माझ्याकडे गाडीच नाही, मी आयुष्यभर कचेरीला सायकलनं आणि नंतर स्कूटरनं गेलो. तरी हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तर मी सांगू शकतो. माझ्या मेंदूत चांगल्या कवितांसाठी राखून ठेवलेली जागा होती, तिथे आता हे भरलेलं आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. बाजाराच्या दिवशी घोडेगावला मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. तिथे एका व्यापाऱ्यानं चार म्हशी विकत घेतल्या आणि चारही साडूंच्या ट्रेलरमध्ये घालायला निघाला. ट्रेलर दोन जनावरांचा. साडू म्हणाले, दोन खेपा करू. व्यापारी हसला. "आवो, तुमच्याकडं फुगे हायेत ना? मारा की हवा!"

साडूंनी गेज खिशात ठेवलं. मला वाटलं, आता पाऊण तासाचं व्याख्यान. पण ते शांतपणे म्हणाले, "फुग्यानं गाडी सरळ उभी ऱ्हाती. ताकद वाढत न्हाई तिची. तुमी कमरंला पट्टा आवळला म्हून दोन पोती उचलाल का?"

"दुसरे लोक नेत्यात की चार चार."

"मग त्यांच्याकडं जावा."

व्यापारी गेला, आणि दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत चारही म्हशी दाटीवाटीनं उभ्या करून निघूनही गेला. आम्ही रिकामा ट्रेलर घेऊन सोनईला आलो. वाटेत मी म्हणालो, "दादा, दोन तरी न्यायच्या होत्या, हट्टानं सगळंच घालवलंत." त्यांनी गाडी कडेला घेतली. रिकाम्या ट्रेलरसाठी हवा कमी केली होती ती बरोबर आहे ना, हे बघायला तेवढे एकदा उतरले.

आता ज्या दिवसामुळे मी हे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. हुरड्याचे दिवस होते. मी बायकोसह सोनईला गेलो होतो. सकाळी शेतात आगटीभोवती बसून आम्ही गरम हुरडा खात होतो, साडू ज्वारीच्या कणसांपेक्षा फुग्यांवर जास्त बोलत होते, आणि मी नेहमीप्रमाणे हुंकार देत होतो. तेवढ्यात बांधावरून शेजारच्या सिस्टर धावत आल्या. या सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. नवरा वारलेला, मुलं परगावी, घरात त्या आणि त्यांची एक काळी-पांढरी गाय, रूबी. सिस्टर नेहमी इतक्या नीटनेटक्या, की चर्चला जाताना त्यांच्या साडीच्या निऱ्या मोजून घ्याव्यात. त्या दिवशी त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती.

"भाऊ, रूबी व्यायला अडलीय. डॉक्टर येऊन गेले. गर्भपिशवीला पीळ पडलाय म्हणतात. लोळवून बघितलं, सुटत नाही. नगरला मोठ्या दवाखान्यात न्या, पोट उघडावं लागेल म्हणाले." त्या थांबल्या. "आणि म्हणाले, वाटेत खाली पडली तर नेऊन उपयोग नाही."

साडू उठले. मला वाटलं, आता हा माणूस धावत जाईल, गाडी काढेल, वाऱ्यासारखा नगरला पोचेल. धावत गेले हे खरं, आम्हीही मागोमाग. पण गाडीपाशी जाऊन त्यांनी खिशातून टेप काढला. घराला आग लागली तर हा माणूस आधी बादलीचा घेर मोजेल, असं मी बायकोच्या कानात म्हणालोसुद्धा. उजवीकडे मोजलं, डावीकडे मोजलं, पुन्हा डावीकडे मोजलं. मग गाडीखाली शिरले. आतून आवाज आला, "उंदरानं नळी कुरतडलीया."

पहाटे ठीक असलेला डावा फुगा तासाभरात बोटभर बसला होता. साडूंनी ब्लेड मागितलं. नळीचा कुरतडलेला तुकडा त्यांनी कापला, तोही सरळ, कारण तिरका कापला तर हवा निसटते. नळी पुन्हा बसवली. साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. सिस्टर दाराच्या खांबाला धरून उभ्या होत्या. पलीकडच्या गोठ्यातून गाईचं कण्हणं येत होतं. माझा संयम संपला.

"दादा, फुगे गेले खड्ड्यात! तुम्ही नळ्या जोडताय तोवर ती गाय मरेल!"

ते गाडीखालून बाहेरही आले नाहीत. "पाव्हनं, तुमी गाईपाशी जाऊन उभं ऱ्हावा. तिला बोला कायतरी. मला बोलून उपेग न्हाई."

मी गेलो. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणाशी हळुवार बोलायची सवय नसते. रूबीच्या कपाळावर हात ठेवून मी "होईल, होईल, तुमचं काम होईल," एवढंच म्हणत राहिलो, जे मी जन्मभर खिडकीतून म्हणत आलो होतो. फरक एवढाच, की या वेळी ते खरं व्हावं असं मला फार वाटत होतं.

वीस मिनिटांनी गाडी गोठ्याच्या दाराशी लागली. ट्रेलरमध्ये वाळू टाकून वर उसाच्या पाचटाचा जाड थर केला होता. रूबी थबकत थबकत आत गेली. तिच्या भारानं गाडीचं शेपूट खाली बसलं, मग हवा भरायचा कॉम्प्रेसर टर्रर्र करू लागला आणि शेपूट हळूहळू वर आलं. साडूंनी दोन्ही बाजू मोजल्या, बाजूला होऊन गाडीकडे एकदा आडवं पाहिलं, मान हलवली. सिस्टर पिकअपच्या मागच्या हौद्यात, गाईकडे तोंड करून बसल्या. साडूंनी मला पुढे बसवून समोर लावलेल्या हवेच्या दोन काट्यांवर बोट ठेवलं. "ह्यो डावा, ह्यो उजवा. काटा हालला की सांगा. रस्त्याकडं बघू नका, ते माजं काम."

सोनई ते नगर मी शेकडो वेळा गेलोय. त्या दिवशी मला ना घोडेगाव दिसलं, ना पांढरीचा पूल. मी दोन काटे बघत होतो. साडू इतके हळू चालले होते, की मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकले. एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "काका, ढकलू का मागनं?" साडूंनी हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी गाडी जवळजवळ थांबायची, मग आधी पुढची चाकं, मग मागची, मग ट्रेलरची, एकेक करून उतरायची, एखादी म्हातारी पायऱ्या उतरते तशी. आणि प्रत्येक वेळी साडू मागच्या खिडकीतून विचारायचे, "उभी हाय का?"

"उभी आहे," सिस्टर म्हणायच्या.

इमामपूरच्या घाटाआधी त्यांनी गाडी कडेला घेतली. मी कपाळावर हात मारून घेणार होतो, पण डावा काटा किंचित खाली आला होता आणि ते मीच सांगितलं होतं. ते गाडीखाली गेले, नळीला हात लावून आले, दोन पौंड हवा भरली. मी तोवर रूबीला पाणी दाखवलं. ती प्यायली नाही. घाटात साडूंचा उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा हात गिअरवर इतका घट्ट होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, थंडीच्या दिवसांत.

"उभी हाय का?"

"उभी आहे भाऊ. बघा पुढं."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रूबी स्वतःच्या पायांनी ट्रेलरमधून खाली उतरली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि म्हणाल्या, "उभी आहे म्हणून बरं झालं. उभ्यानंच कुशीला भूल देऊन पोट उघडते. पडली असती तर मला फारसं काही करता आलं नसतं." मग आत काम सुरू झालं. सिस्टर हात धुऊन, न विचारता मदतीला उभ्या राहिल्या; कुणी त्यांना बाहेर काढलं नाही. साडू आणि मी बाहेर बाकावर बसलो. दीड-दोन तास आम्ही फुग्यांबद्दल एक अक्षर बोललो नाही. फुगे बसल्यापासून ही पहिलीच वेळ.

गाय वाचली. वासरू गेलेलं निघालं.

सिस्टरनी बाहेर येऊन सांगितलं, आणि पदरानं हात पुसत त्या पुन्हा गाईपाशी गेल्या. साडू उठून ट्रेलरकडे गेले. मी मागोमाग गेलो. ते पाचट उपसून एका बाजूला लावत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पाव्हनं, माज्यामुळं उशीर झाला का हो? नळी तशीच ठिवून निघालो आसतो तर?"

सकाळी मीच ओरडलो होतो. जन्मभर कुणालाही टोमणा मारताना मला उत्तराची काळजी कधी वाटली नव्हती. मी तसाच आत गेलो आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वासरू कालच गेलं असावं, तुम्ही कितीही लवकर आला असता तरी ते हाती लागलं नसतं. गाय मात्र तुम्ही आणलीत तशी आणली म्हणून आहे. मी बाहेर येऊन साडूंना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळानं परत विचारलं, "कालच म्हनल्या?" मी म्हणालो, "कालच." त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही, पण संध्याकाळी सोनईला पोचेपर्यंत एक-दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं, मी खोटं तर बोललो नाही ना असं.

घरी आल्यावर अक्कानं मला ते सांगितलं, जे तिनं इतक्या वर्षांत माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. साडू कारखान्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या वडिलांची खिलारी बैलांची जोडी होती. त्यातला एक बैल आजारी पडला म्हणून साडू त्याला कुणाच्या तरी जीपमागे ट्रेलर जोडून दवाखान्यात घेऊन निघाले. गाडी मागून बसलेली, पुढून उचललेली, ड्रायव्हर घाईत. एका गतिरोधकावर असा हिसका बसला, की बैल आत पडला आणि त्याच्या पुढच्या पायाचं हाड मोडलं. "दवाखाना हाकंवर हुता," अक्का म्हणाली, "पन तो उठलाच न्हाई. ह्ये त्याचं डोस्कं मांडीवर घिऊन बसले हुते. वडलांनी इचारलं तवा म्हनाले, आजारानं गेला. आजवर तेच सांगत्यात. मला बी येकदा तापात बोलून गेले म्हून ठावं." मग तिनं कॅलेंडरकडे बघितलं. "लिहू दे त्यांना काय लिहायचं त्ये. डॉक्टरला मी दुसरं पान न्हेत जाईन."

त्यानंतर मी सुधारलो असं कुणी समजू नये. पुढच्याच दिवाळीला मी त्यांना सगळ्यांदेखत "हवामान खातं" म्हणालो आणि तेही हसले. फक्त पाऊण तासाचं व्याख्यान मी आता पुरतं ऐकायला लागलो, मधून एखादा प्रश्नही विचारायला लागलो, आणि माझ्या बायकोला माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

मागच्या वर्षी साडूंच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, कडेचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं अजून स्पष्ट म्हटलेलंही नव्हतं. पण एके दिवशी बांधावरून आलेली शेळी त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही. शेळीला काही झालं नाही. त्यांनी गाडी तिथेच उभी केली, किल्ली काढली, आणि घरी चालत येऊन अक्काच्या हातात दिली. महिन्याभरात पिकअप आणि ट्रेलर दोन्ही श्रीरामपूरकडच्या एका रोपवाटिकेवाल्यानं विकत नेले. साडूंनी त्याला पूर्ण दिवस बसवून सगळं शिकवलं. तो गेल्यावर अंगणात गाडीच्या जागी चार चाकांच्या खुणा राहिल्या होत्या. अक्कानं सडा टाकला तरी त्या खुणांवर टाकायचं तिनं बरेच दिवस टाळलं.

या उन्हाळ्यात साडूंच्या पुतण्याचं लग्न कोल्हारला होतं. वऱ्हाडासाठी मोठी बस ठरवली होती. सगळे पुढच्या जागांसाठी धडपडत होते; साडू मात्र सरळ मागे जाऊन चाकावरच्या सीटवर बसले, जिथे कुणी बसत नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. पोरं गाणी म्हणत होती, बायका कुणाच्या साडीचा रंग बघत होत्या, आणि साडू डोळे मिटून गप्प होते. मला वाटलं झोप लागली. प्रवरेचा पूल ओलांडून बस कार्यालयापाशी थांबली. वाजंत्री सुरू झाली, वऱ्हाड घाईनं खाली उतरलं. साडू सगळ्यांत शेवटी, सीटच्या पाठी चाचपत पुढे आले आणि ड्रायव्हरपाशी थांबले.

"गाडी लई चांगली ठिवलीया तुमी," ते म्हणाले. "दोनी फुगे येकसारके चालत्यात. मागं बसून बी कळत न्हवतं कुटं खड्डा हुता."

ड्रायव्हर पन्नाशीचा माणूस. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्याचा चेहरा तयार झालेला. त्याला वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. टोमण्यांच्या बाबतीत माझा शब्द सोनई-नगर भागात प्रमाण मानला जातो, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं, तरी मी म्हणालो, "खरंच म्हणतायत ते."

ड्रायव्हरनं टॉवेलनं मान पुसली. "दर आठवड्याला साबण लावून बघतो, काका," तो हळूच म्हणाला. "कुनाला ठावं बी नसतं गाडीखाली काय हाय त्ये. यायचं का बघायला?"

त्यानं साडूंचा हात धरून त्यांना पायऱ्यांवरून खाली उतरवलं आणि बसच्या मागे नेलं. दोघं गुडघे टेकून खाली वाकले. साडूंचा फेटा मी हातात घेतला, नाहीतर धुळीत पडला असता. कार्यालयाच्या दारातून अक्कानं हातानंच विचारलं, कुठं आहेत हे? मी हातानंच सांगितलं, येतायत. आत मंगलाष्टकं सुरू झाली, एक झालं, दुसरं झालं. बसखालून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, मधेच साडूंचं हसणंही. मी फेटा धरून उन्हात उभा राहिलो, आणि त्यांना हाक मारली नाही.